एक स्लाइड जाते, दुसरी येते

सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना पडद्यावर जे घडते, त्याला ट्रान्झिशन म्हणतात. काहीच ठरवले नाही तर जुने चित्र एका क्षणात जाते आणि नवे उमटते (कट). ठरवले तर ते विरघळते (फेड), पुसले जाते (वाइप), बाजूला ढकलले जाते (पुश), घनाच्या बाजूसारखे वळते, किंवा त्यातल्या वस्तू हलत-बदलत नव्या जागी जाऊन बसतात (मॉर्फ). हे सगळे सेकंद-दोन सेकंदांत उरकते, म्हणून ते सजावटीत जमा होते: स्लाइड आधी तयार होते आणि ट्रान्झिशन अगदी शेवटी चिकटवले जाते. त्याविषयीचा वादही बहुधा आकर्षक की उथळ, एवढ्यावरच थांबतो. प्रत्यक्षात त्या दोन सेकंदांत प्रेक्षकाला या दोन चित्रांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ही माहिती मिळत असते. ती खरी असू शकते आणि खोटीही. वाद घालायचा तर या मुद्द्यावर घालायला हवा.

पुढे तो दोन भूमिकांतून मांडला आहे. एक भूमिका भूगोलाच्या प्राध्यापिकेची: स्लाइड वाचण्यासाठी असते, तिच्यात हालचाल नको. दुसरी चित्रपट-संकलकाची: दोन चित्रे एकापाठोपाठ दाखवली की त्यांच्यात सांधा तयार होतोच, तो विचारपूर्वक रचायचा की आपोआप पडू द्यायचा, एवढाच पर्याय हातात उरतो.

सांधा रचण्याची ही कला संगणकाहून जुनी आहे, चित्रपटाहूनही. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये हेन्री लँग्डन चाइल्ड यांनी मॅजिक लँटर्नचे दोन कंदील एकाच पडद्यावर रोखून, एकाचा प्रकाश मंद करत दुसऱ्याचा वाढवत नेण्याचे खेळ लोकप्रिय केले. उन्हाळ्यातले गाव बघता बघता बर्फाखाली जाई. महाराष्ट्रात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1890च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले. चित्रपटातला डिझॉल्व्ह या कंदिलांचाच वारसा आहे. पुढे 1961 साली कोडॅकचा कॅरोसेल प्रोजेक्टर आला. त्याच्या गोल ट्रेमध्ये 80 स्लाइड्स बसत, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी पडदा क्षणभर काळा होई.

पॉवरपॉइंट 1987च्या एप्रिलमध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले. फोरथॉट या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवले होते, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरला विकत घेतली. पहिली आवृत्ती कृष्णधवल होती. तिचे काम ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका तयार करण्याचे होते. कागदावर छापायच्या वस्तूला ट्रान्झिशन लागत नाही. 1992च्या तिसऱ्या आवृत्तीत संगणकावरून थेट पडद्यावर दाखवण्याची सोय आली आणि तिच्यासोबत ट्रान्झिशन्स आली. अ‍ॅपलच्या कीनोटने 2003 साली वळणारा घन आणला, 2009 साली ‘मॅजिक मूव्ह’ आणले. पॉवरपॉइंटमध्ये त्याच जातीचे ‘मॉर्फ’ 2015च्या अखेरीस आले.

प्राध्यापिका: हा इतिहास माझ्याच बाजूने बोलतो. पॉवरपॉइंटमध्ये पहिली पाच वर्षे ट्रान्झिशन नव्हते आणि कुणाचे काही अडले नाही. पारदर्शिका ठेवली, समजावली, उचलली. विषय नीट मांडला असेल तर मधल्या हालचालीने त्यात काय भर पडते? उलट लक्ष जाते ते हालचालीकडे. वर्गात घन वळला की मागच्या बाकांवरची मुले घनाकडे बघतात, आणि मी बोललेले पहिले वाक्य वाया जाते.

संकलक: घन मीही वापरणार नाही, मॅडम. पण पारदर्शिका उचलून दुसरी ठेवताना तुमचा हात दिसायचा, क्षणभर नुसता उजेड पडायचा. वर्गाला कळायचे की एक मुद्दा संपला. ते ट्रान्झिशनच होते. फक्त ते तुम्ही निवडलेले नव्हते, यंत्राने तुम्हाला दिलेले होते.

प्राध्यापिकेचा आक्षेप एवढ्यावर संपत नाही. तिच्यामागे माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांची पॉवरपॉइंटवरची टीका उभी आहे, आणि त्या टीकेतले सर्वांत गाजलेले उदाहरण एका अपघाताचे आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मरण पावले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी त्या आघाताविषयी नासासाठी स्लाइड्स तयार केल्या. त्यातल्या एका स्लाइडचे मथळ्याचे वाक्य दिलासा देणारे होते. चाचणीतला तुकडा 3 घन इंचांचा आणि प्रत्यक्षातला सुमारे 1920 घन इंचांचा, म्हणजे 640 पट मोठा, ही गोष्ट तळाशी, बारीक अक्षरांत, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात होती. टफ्टी यांनी त्या स्लाइडची ओळ न् ओळ तपासली, आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने 2003च्या अहवालात ही चिकित्सा समाविष्ट केली.

संकलक: त्या स्लाइडवर ट्रान्झिशन कुठे होते? ती तर स्थिर होती, भरपूर मजकुराची होती, वाचण्यासाठीच केलेली होती. तुम्ही म्हणता तशीच.

प्राध्यापिका: बरोबर आहे, हालचालीने तो घात केला नाही. पण दोष एकाच मुळातून येतो. स्लाइडची चौकट लहान, म्हणून माणूस माहितीचे तुकडे करतो. तुकडे एकाखाली एक लावले की उतरंड होते, एकामागून एक लावले की मालिका होते. दोन्हींत जे शेजारी हवे ते शेजारी राहत नाही. 3 आणि 1920 हे आकडे एका नजरेत समोरासमोर यायला हवे होते. तुमचे ट्रान्झिशन मालिकेतल्या तुकड्यांमधली भेग झाकते आणि तुलना प्रेक्षकाच्या स्मरणावर सोडून देते.

प्राध्यापिकेच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पडद्यावरून गेलेली स्लाइड प्रेक्षकाला मागे वळून पाहता येत नाही. पुस्तकात पान उलटून मागे जाता येते, सभागृहात ते फक्त बोलणाऱ्याच्या हाती असते. म्हणून ज्या दोन गोष्टींची तुलना करायची आहे, त्या शक्य असेल तेव्हा एकाच स्लाइडवर शेजारी ठेवाव्यात. तसे करता येत असेल तर कुठल्याही ट्रान्झिशनची गरज नाही. प्रश्न उरतो तो चित्रे एकत्र मावत नाहीत तेव्हाचा.

महाराष्ट्राचे जिल्हे हे त्याचे चांगले उदाहरण आहे. 1 मे 1960 रोजी राज्य स्थापन झाले तेव्हा 26 जिल्हे होते, आज 36 आहेत. 1981 साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना वेगळा झाला. 1982 साली उस्मानाबादमधून लातूर, चंद्रपूरमधून गडचिरोली. 1990 साली मुंबई उपनगर. 1998 साली धुळ्यातून नंदुरबार, अकोल्यातून वाशीम. 1999 साली परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर. म्हणजे मूळचा धरून एकूण सात नकाशे.

प्राध्यापिका: सातही नकाशे एका स्लाइडवर लहान-लहान मांडायचे. नजर डावीकडून उजवीकडे फिरते, हवी तिथे थांबते. टफ्टी याच मांडणीची शिफारस करतात.

संकलक: कागदावर मान्य. पण पन्नास जणांच्या खोलीत, सात नकाशांच्या गर्दीत, मुंबई उपनगर दिसेल का? तो तर पूर्ण पडद्यावरच्या नकाशातही ठिपक्याएवढा येतो. मी एकेक नकाशा पूर्ण पडद्यावर घेईन. सातही स्लाइड्सवर राज्याची बाह्यरेषा तंतोतंत त्याच जागी ठेवेन आणि पुढच्या स्लाइडवर फक्त नवी सीमा उमटवीन.

प्राध्यापिका: मग साधा कट पुरतो. बाकी सगळे जागेवर आहे, बदलली एकच रेषा. ती आपोआप डोळ्यात भरेल.

या ठिकाणी दोघांचे जवळजवळ जमते, आणि त्यामागचे कारण प्रयोगातून माहीत आहे. रोनाल्ड रेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी 1997 साली लोकांना एकाच छायाचित्राची दोन रूपे आलटून-पालटून दाखवली. दोन रूपांत एखादी ठळक वस्तू बदललेली असे. दोन्हींच्या मध्ये क्षणभर कोरी चौकट घातली की तो बदल शोधायला लोकांना पुष्कळ वेळ लागे. चौकट काढली की तो लगेच दिसे. एरवी बदलाच्या जागी जी हालचाल जाणवते, ती नजरेला तिकडे ओढते. कोऱ्या चौकटीमुळे सगळ्या पडद्यावर एकदम हालचाल होते आणि ती खूण बुडून जाते. कॅरोसेलचा काळा क्षण म्हणजे नेमकी अशीच चौकट होती. आज ते काम काळ्यातून जाणारे फेड करते, किंवा दोन नकाशे एकमेकांवर नीट न बसल्यामुळे पडणारी उडी करते. नकाशा चार-पाच पिक्सेल जरी सरकला तरी सगळ्या सीमा एकदम हलतात आणि पालघरची नवी रेषा त्यात हरवते. ‘पुश’मध्ये तर सगळे चित्रच बाजूला जाते, सात नकाशे पुशने दाखवणे म्हणजे बदल लपवण्याचा खात्रीचा मार्ग.

तेव्हा ट्रान्झिशनचा पहिला नियम ट्रान्झिशनच्या यादीत सापडत नाही, तो स्लाइडच्या मांडणीत असतो. जे बदललेले नाही ते पडद्यावर तसूभरही हलता कामा नये. मथळ्याची जागा, आलेखाचे अक्ष, मोजपट्टी, रंगांचे अर्थ, नकाशाची चौकट हे सगळे मालिकेभर कायम राहिले पाहिजे. उभ्या अक्षाची कमाल मर्यादा सॉफ्टवेअर आपोआप ठरवते. एका स्लाइडवर 100 आणि पुढच्यावर 150 आली, तर वाढलेला स्तंभही खुजा झालेला दिसतो. हा दोष कटने झाकला जात नाही आणि फेडने सुधारत नाही.

मराठी स्लाइड्सना इथे एक खास अडचण येते. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व पद्धतींत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर फाँट नसल्यास रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. युनिकोडने तो प्रश्न सोडवला, पण ठरवलेला फाँट न मिळाल्यास सॉफ्टवेअर दुसरा वापरते. त्याची रुंदी वेगळी, ओळींमधले अंतर वेगळे, म्हणून ओळी दुसरीकडे तुटतात आणि खालचे सगळे सरकते. घरी काटेकोर जुळवलेली मालिका सभागृहात उड्या मारू लागते. फाँट फाइलमध्ये अंतर्भूत करणे, किंवा नकाशावरची नावे चित्राचाच भाग करणे, हा त्यावरचा उपाय आहे. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार यांसाठी रोमन लिपीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. अधोरेखनाची रेघ उकारांना छेदते, म्हणून जोर द्यायला ठळक अक्षर किंवा रंग बरा. एकेक अक्षर उडत आणणारा परिणाम तर मराठीत टाळलेलाच बरा, कारण वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांची जुळणी अक्षरे एकत्र असतानाच होते.

वाद खरा पेटतो तो मॉर्फवर. मॉर्फ दोन स्लाइड्सवरच्या वस्तूंच्या जोड्या लावते आणि पहिलीचा आकार, जागा, रंग हळूहळू दुसरीसारखा करत नेते.

प्राध्यापिका: आता तुमच्या सात नकाशांना मॉर्फ लावून बघा. रत्नागिरी वरच्या बाजूला आक्रसत जाईल आणि दक्षिणेतून सिंधुदुर्ग फुगत येईल, दोन सेकंद. विद्यार्थ्याला वाटेल की सीमा सरकत सरकत तिथे पोचली. प्रत्यक्षात 1 मे 1981 रोजी सरकारी अधिसूचनेने एका दिवसात जिल्हा झाला. मधल्या एकाही चित्रासारखा नकाशा कधी अस्तित्वात नव्हता. तुमच्या ट्रान्झिशनने मला भूगोल खोटा शिकवायला लावला.

संकलक: इथे मी तुमच्याबरोबर आहे. हा कटचा प्रसंग आहे, फार तर झटपट फेडचा. पण राज्याच्या नकाशावरून ठाणे जिल्ह्यात शिरायचे असेल तर? तिथे तुमचा कट प्रेक्षकाला हरवतो. आत्ता कोकणपट्टी पाहिली, एकदम एक अनोळखी आकार समोर आला. हा कुठला भाग? मॉर्फने तोच नकाशा मोठा होत जातो, आणि कुठून कुठे आलो ते सांगावे लागत नाही. जगात काहीच बदललेले नाही, फक्त आपण जवळ गेलो. मॉर्फ तेवढेच सांगते, आणि ते खरे आहे.

हा भेद मॉर्फपुरता नाही. प्रत्येक ट्रान्झिशन काहीतरी विधान करते. कट फक्त ‘आता हे’ एवढे म्हणतो. त्याचा दावा सर्वांत लहान, म्हणून चुकण्याची शक्यताही सर्वांत कमी. चित्रपटात डिझॉल्व्हने बहुधा काळ लोटल्याचे सुचवतात. स्लाइड्समधले फेड तोच अर्थ सौम्यपणे घेऊन येते. पुश म्हणते की दुसरे चित्र पहिल्याच्या शेजारी आहे. म्हणून नदीचा लांब आडवा छेद किंवा कालरेषा दोन स्लाइड्सवर पसरली असेल तर पुश अगदी योग्य, आणि दोन असंबद्ध मुद्द्यांमध्ये ते निरर्थक. वाइप जुने पुसून नवे उघडते; अकिरा कुरोसावा यांनी ‘सेव्हन समुराई’मध्ये (1954) त्याने दृश्ये झपाट्याने पुढे नेली आहेत. मॉर्फचे विधान सर्वांत मोठे: ही तीच वस्तू आहे, आणि ती अशी अशी बदलत गेली. पान वळणे, पडदा फाटणे, घन फिरणे यांचे विधान विषयाबद्दल नसतेच, ते स्लाइडच्या पृष्ठभागाबद्दल असते. त्यामुळे अभ्यासाच्या सादरीकरणात त्यांना जागा नाही, या एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे मतभेद नाहीत.

मॉर्फच्या मधल्या चौकटीही विधाने करतात, हे आकडेवारीत अधिक जपावे लागते. महाराष्ट्राची लोकसंख्या 2001च्या जनगणनेत सुमारे 9.69 कोटी होती, 2011च्या जनगणनेत 11.24 कोटी. स्तंभ एका उंचीवरून दुसरीवर चढताना दिसला की मधली प्रत्येक उंची मोजलेली वाटते. ती मोजलेली नाही. याउलट जिल्ह्यांच्या लोकसंख्येचे स्तंभ अकारविल्हे क्रमावरून लोकसंख्येच्या क्रमाने लावताना मॉर्फ वापरले, तर ते प्रामाणिक आहे: आकडा तोच, जागा बदलली, आणि नजर पुण्याचा स्तंभ सोडत नाही.

प्राध्यापिका: पण हालचालीने समजते जास्त, याला आधार काय? आवडते जास्त, एवढेच दिसते.

संकलक: सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक हान्स रॉसलिंग यांनी 2006 साली टेडच्या व्यासपीठावर आलेखातले देशांचे बुडबुडे वर्षामागून वर्ष हलवून दाखवले. आयुर्मान आणि कुटुंबाचा आकार यांचा आलेख इतक्या लोकांनी एरवी कधी पाहिला असता?

प्राध्यापिका: पाहिला, कारण ते स्वतः धावते समालोचन करत होते आणि कुठे बघायचे ते बोटाने दाखवत होते. तेच बुडबुडे मुलांना अभ्यासाला द्या, मग काय होते ते बघा.

संशोधन दोघांनाही थोडे थोडे देते. जेफ्री हीर आणि जॉर्ज रॉबर्टसन यांच्या 2007च्या प्रयोगात एका प्रकारच्या आलेखावरून दुसऱ्यावर जाताना सुयोग्य अ‍ॅनिमेशन असेल तर लोकांना वस्तूंचा माग अधिक चांगला ठेवता आला. रॉबर्टसन यांनीच दुसऱ्या सहकाऱ्यांसह 2008 साली बुडबुड्यांच्या धर्तीवरचे चलत आलेख तपासले. स्वतः शोध घेऊन विश्लेषण करायचे असेल तेव्हा ते स्थिर, लहान-लहान आलेखांपेक्षा कमी उपयोगी पडले, चुका जास्त झाल्या. सहभागी लोकांना मात्र ते अधिक रंजक वाटले. त्याआधी 2002 साली बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी दोन अटी मांडल्या होत्या: हालचालीची रचना विषयातल्या बदलाच्या रचनेशी जुळावी, आणि ती नीट उमगेल इतकी सावकाश व सोपी असावी. रत्नागिरीचे आक्रसणे पहिल्या अटीत नापास होते. एकाच वेळी तीस स्तंभ हलवणारे मॉर्फ दुसऱ्या अटीत.

त्या दुसऱ्या अटीमुळे कालावधी महत्त्वाचा ठरतो. पॉवरपॉइंट फेडला मुळात 0.7 सेकंद देते, मॉर्फला 2 सेकंद. फेडसाठी एवढा वेळ पुरे आहे. चाळीस स्लाइड्सना दोन-दोन सेकंद दिले तर सव्वा मिनिटाहून अधिक वेळ सभागृह नुसते थांबून राहते. मॉर्फमध्ये पाच-सहाहून अधिक वस्तू हलणार असतील तर वेळ वाढवण्यापेक्षा टप्पे पाडावेत: आधी अक्ष बदलावा, मग स्तंभ हलवावेत. कुठली वस्तू कुठल्या वस्तूशी जुळवायची हे सॉफ्टवेअरवर सोडू नये. पॉवरपॉइंटमध्ये दोन्ही स्लाइड्सवरच्या वस्तूंना एकच नाव देऊन त्याआधी दोन उद्गारचिन्हे घातली की जोडी पक्की होते. नाहीतर परभणीचा आकार वितळून भंडारा होण्याचा प्रकार घडतो.

शेवटचा मुद्दा हालचाल न सोसणाऱ्या आणि सभागृहाबाहेरच्या प्रेक्षकांचा. मोठ्या पडद्यावरची झूम आणि फिरण्याची हालचाल काहींना भोवळ आणते. 2009 साली आलेल्या प्रेझी या सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमधल्या झेपावणाऱ्या दृश्यांबद्दल ही तक्रार झाली, आणि 2013 साली आयफोनच्या सातव्या प्रणालीतल्या हालचालींबद्दलही. त्यानंतर हालचाल कमी करण्याची सोय वापरकर्त्यांच्या हाती आली. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारे चित्र प्रकाशाने झटका येणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाला धोक्याचे ठरू शकते, आणि वेबच्या सुलभता-निकषांत ही मर्यादा घातलेली आहे. सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 : 1 इतका तेजोभेदही तेच निकष मागतात, फेड चालू असताना तो काही क्षण सुटतोच, म्हणून वाचायचा मजकूर फेड संपल्यावरच बोलण्यात आणावा. ऑनलाइन बैठकीत स्क्रीन शेअर केली की चित्र कमी चौकटींत पोचते. मऊ फेडचे दोन-तीन धक्के होतात, मॉर्फ अडखळते.

प्राध्यापिका: आणि पीडीएफ केली की तुमचा सांधा उरतच नाही. एकाच स्लाइडवर एकामागून एक येणाऱ्या वस्तू सगळ्या एकदम एकमेकींवर छापल्या जातात.

संकलक: म्हणूनच मी एका स्लाइडवर दहा हालचाली रचत नाही, सात स्लाइड्स करतो. प्रत्येक नकाशा ट्रान्झिशन काढून टाकले तरी पूर्ण असला पाहिजे. वर्ष लिहिलेले, नवी सीमा जाड, नव्या जिल्ह्याला रंग.

प्राध्यापिका: तशा सात स्लाइड्स दिल्यात तर एका पानावर सातही छापून मी मुलांना वाटीन. वर्गात मात्र कटने दाखवीन.

संकलक: मी 0.7 सेकंदांच्या फेडने. आणि 1990च्या मुंबई उपनगरापाशी आधी मॉर्फने जवळ जाईन, तिथे सीमा कटने उमटवीन, मग मागे येईन.

प्राध्यापिका: तेवढ्या एका ठिकाणी मीही तेच करीन.